दोन कडव्यांच्या मधले दाजी

दाजी,

तुम्हाला बसवून नेलं, ते बरं झालं. आपल्या लिंगायतांत रिवाजच तसा आहे, त्यात तुमचं काही खास कौतुक नव्हतं. पण आडवे पडलेले दाजी मला ओळखू आले नसते. खुर्चीत बसलेले, कपाळभर भस्म, मान किंचित डावीकडे कललेली. रविवारी सकाळी तबकडी लावून तुम्ही बसायचात, तसेच. पुढं भजनी मंडळ चाललं होतं. मृदंगवाला पोरगा नवशिका असावा, सारखी घाई करत होता आणि टाळवाले त्याच्या मागं धावत होते. माझ्या शेजारून तुमच्या रविवारच्या बैठकीतले काझी सर चालत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. दोघांच्याही मनात एकच आलं, की अप्पा, म्हणजे तुम्ही, आता हात वर करून याला थांबवणार. बहिणीच्या नवऱ्याला शेवटचं पोचवायला निघालेला मी, आणि लक्ष सगळं लयीत. तुमच्या संगतीचा हा परिणाम आहे, त्याची जबाबदारी तुमच्याकडं.

पेपरात तुमच्या पुतण्यानं फोटो छापून आणलाय. लातूरचे प्रसिद्ध भांड्यांचे व्यापारी, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे वगैरे. फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा आहे, त्यात तुम्ही घाबरलेले दिसता. गाण्याबद्दल एक शब्द नाही. मी पुतण्याला विचारलं, तर म्हणाला, "मामा, ते काय त्यांचं कामधंदा थोडंच व्हतं?" मी वाद घातला नाही. वाद मी फक्त तुमच्याशी घालत होतो आणि ते दुकान आता बंद झालंय.

मला रडू आलं नाही, हेही सांगून टाकतो. तुम्ही गेल्याचं वाईट वाटतंय, भरपूर वाटतंय, पण ते डोळ्यांपर्यंत येत नाही. अक्का म्हणते मी लहानपणापासून असाच कोरडा. नांदेडला शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, त्याचाही गुण असेल. लांबून बघायची सवय लागते.

तुमची माझी खरी ओळख झाली ती तुमच्या पहिल्या दिवाळीला. नवा जावई नांदेडला येणार म्हणून आईनं चार दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही आलात, पाय धुतलेत, वडिलांना नमस्कार केलात आणि विचारलंत, "रेडिओ कुठाय?" रेडिओ स्वयंपाकघरात फळीवर होता आणि आई त्याच्यावर चाळणी ठेवायची. तुम्ही चाळणी उचलून खाली ठेवलीत, पाट ओढलात आणि फळीखाली बसलात. वडील लिंगायत संतांची वचनं म्हणणारे, सिनेमाचं नाव घरात काढायची सोय नव्हती. त्यांनी आईकडं बघितलं ती नजर मला अजून आठवते. मुलगी कुठं दिली आपण, अशी.

रेडिओवर गाणं लागलं. मी तेव्हा शाळकरी, आपल्याला गाणं येतं हे दाखवायला गाणाऱ्या बाईच्या बरोबरीनं म्हणायला लागलो. कडवं संपलं तसा माझ्याकडं वळून तुम्ही म्हणालात, "गप बस. आता ऐक."

"आता तर गाणं थांबलंय," मी म्हणालो.

"बाई दम घ्याया थांबली बाळा. गाणं आता चालू झालं."

मग ते सतारीचं काय ते आलं, मागून व्हायोलिनांचा लोंढा आला, आणि तुम्ही डोळे मिटून डावीकडे मान टाकलीत. सासरच्या स्वयंपाकघरात, चाळणीशेजारी. मला तुम्ही एकदम वेडे वाटलात आणि लगेच आवडलात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अगदी या दसऱ्यापर्यंत चाललं. माझं म्हणणं साधं होतं. गाण्यात चाल महत्त्वाची. चाल चांगली असली तर परातीवर वाजवून म्हटली तरी गोड लागते, बाकी सगळी सजावट. तुम्हाला हे ऐकलं की राग यायचा. "चाल कुणालाबी सुचती रे," तुम्ही म्हणायचात, "न्हाव्याला सुचती, आंगुळ करताना मलाबी सुचती. दोन कडव्यांच्या मधी काय घालायचं, ते सुचाय पायजे. मुखडा म्हंजी दुकानाची पाटी. माल आत असतो."

आणि आत कोण बसलेला असायचा? तुमचे मालक. ज्या संगीतकारासाठी तुम्ही जीव टाकायचात त्यांचं नाव तुम्ही उभ्या आयुष्यात घेतलं नाही. 'मालक' म्हणायचं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं. तुमचा मान राखून मीही इथं घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. त्यांचे एक सहायक होते, त्यांना मी चिडून 'दिवाणजी' नाव ठेवलं आणि तेही आपल्या गाणी ऐकायच्या मंडळात रुजलं. मी म्हणायचो, मालकांनी फक्त चाल दिली. ज्याच्यावर तुम्ही मान टाकता ते मधलं सगळं दिवाणजींचं. ते रात्रंदिवस बसून वादकांना लिहून देत होते, तबकडीवर त्यांचं नाव नाही एवढंच. तुम्ही म्हणायचात, "मालकानं सांगितल्याबिगर दिवाणजी चिठ्ठीबी फाडत न्हाई." याच्यावर आपण अहमदपूरच्या स्टँडवर एकदा असे भांडलो, की लातूरची गाडी निघून गेली आणि कंडक्टरनं हाका मारल्याचं दोघांनाही कळलं नाही. हे भांडण मिटलं नाही. आता मिटणारही नाही, आणि मी माझं म्हणणं मागं घेत नाही. गेलेल्या माणसाचं सगळं खरं मानायची पद्धत आहे, ती मला पटत नाही.

मंडळ तुमच्या घरच्या माडीवर, खाली भांड्यांचं दुकान. महिन्यातून एका रविवारी मी नांदेडहून पहाटेची गाडी धरून यायचो, जवळच्या मुरुडहून नामदेव यायचा, तो तिथं खतं-बियाणं विकतो, आणि गावातले चारपाच जण. काझी सर कोपऱ्यातल्या खुर्चीत. उर्दूचे शिक्षक, त्यामुळं शब्दाचा हक्क त्यांच्याकडं आणि चुका काढायचाही. साल चुकलं, वादकाचं नाव चुकलं, की सर बोट न उचलता म्हणायचे, "नहीं अप्पा, गलत." कुणालाही सोडायचे नाहीत. मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. पण एक रीत होती, ती सगळ्या लातुरात दुसरीकडं कुठं नसेल. तबकडी सुरू झाली की तुम्ही उभे राहायचात. कडवं संपत आलं की तुमचं उजव्या हाताचं बोट हळूहळू वर जायचं आणि ते टोकाला पोचलं की त्याच क्षणी बासरी यायची. किंवा सारंगी, किंवा जे काय असेल ते. जणू तुम्ही बोलावलंय म्हणून आली. नवा माणूस पहिल्यांदा बसला की गाणं ऐकायचं सोडून तुमच्या बोटाकडंच बघायचा. मी चालीचा माणूस, पण त्या बोटामुळं मला मधलं ऐकायची सवय लागली, हे तुमच्यासमोर कबूल करायची वेळ मी येऊ दिली नाही.

अक्का चहा आणि भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन वर यायची, ताटल्या जरा जोरातच ठेवायची आणि विचारायची, "संपलं का तुमचं रडगाणं?" सगळे हसायचे. तुम्ही म्हणायचात, "महानंदाला एक दिवस गोडी लागंल." ती म्हणायची, "त्या दिवशी सूर्य औशाकडून उगवंल," आणि जिना उतरायची.

मग तुमचे कान गेले.

मला ते कळलं तुमच्या दुकानात. मी स्टुलावर बसलो होतो. एक शेतकरी पोरीच्या लग्नात द्यायला काशाची थाळी घ्यायला आला होता. काशाची परीक्षा आवाजावर, हे तुम्हीच मला शिकवलेलं. चांगल्या थाळीवर बोटाची पेरं आपटली की नाद लांबत जातो, आणि बारीक चीर असली तर बद्द वाजतं. तुम्ही थाळी उचललीत, पेरं आपटलीत आणि म्हणालात, "बघा, कसा नाद हाय." थाळी बद्द वाजली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्यानं ती मुकाट्यानं खाली ठेवून दुसरी घेतली. तुम्ही आम्हा दोघांची तोंडं बघितलीत. दुपारी गल्ल्यामागं भाकरी खाताना तुम्ही आपणहून विषय काढलात.

"कान चाललेत, बसवराज. मानसाचं ऐकू येत न्हाई. त्यानं काई बिघडत न्हाई, भाव बोटानं सांगता येतो. बाजा मातर साफ येतोय मला. मंडळात कुणापाशी बोलू नगंस."

"बरं."

"ते बी गेलं तर काय राहिलं? मग मी नुस्ता भांडेवाला."

बाजा साफ येतोय, हे मला खरं वाटलं नाही. काशाच्या थाळीत आणि सतारीत कानाला काय फरक? पण मी बरं म्हणालो.

पुतण्यानं कानाचं यंत्र आणून दिलं. तुम्ही ते घालून पहिली तबकडी लावलीत आणि अर्ध्यातच काढून ठेवलंत. डब्यात खडे हलवल्यागत वाजतंय म्हणालात, मालकांची अशी विटंबना नको म्हणालात, आणि यंत्र गल्ल्याच्या खणात गेलं. पुढच्या काही रविवारी काय झालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. तुम्ही तबकडीवरून फिरणाऱ्या सुईकडं टक लावून बसायचात, सुई कुठवर आली त्यावरून अंदाज बांधायचात. गाणी पाठ होती, पण पाठ असणं वेगळं. बोट वर जायचं, आणि बासरी येऊन गेलेली असायची. थोडंसंच मागं, एखाद्या मात्रेनं. तेवढ्यानं पुरे होतं. नामदेव खाली बघायचा. काझी सर खिडकीबाहेर. मी सतरंजीचे धागे ओढत बसायचो. ज्यांनी एक साल चुकलं तर माफ केलं नव्हतं असे ते काझी सर, पण 'गलत' हा शब्द त्या माडीवर पुन्हा कुणी उच्चारला नाही.

आणि एका रविवारी अक्का सुशीला ठेवून खाली गेलीच नाही. पदर खोचून तुमच्या शेजारी तक्क्याला टेकून बसली. "मलाबी बसू द्या की," ती तुमच्या कानापाशी मोठ्यानं म्हणाली, "आता कुठं आवडाय लागलंय मला." केवढे खूश झालात तुम्ही! त्या दिवशी तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात, "महानंदाला गोडी लागली बघा शेवटी. उशिरा का हुईना." त्या रविवारपासून तुम्ही उभं राहायचंही सोडलंत, गुडघ्यांचं निमित्त सांगून तिच्या शेजारी बसायला लागलात. आणि तुमचं बोट पुन्हा वेळेवर यायला लागलं. अगदी पहिल्यासारखं. बोट टोकाला, बासरी हजर.

कारण मला दिसलं, ते मी तुमच्याइतका गाण्यात कधीच बुडत नाही म्हणून. तुमचा डावा हात तिच्या पदराखाली अर्धवट झाकलेला होता. मनगटावर तिची बोटं ठेका धरून चालली होती. कडवं संपत आलं की ठेका थांबायचा, अंगठा दाबला जायचा आणि तुमचं उजवं बोट वर निघायचं. माझी बहीण, जी लग्नाच्या वरातीतल्या बँडला कंटाळून घरात जाऊन बसली होती, ती मालकांच्या एकेका गाण्यातलं मधलं सगळं संगीत बोटांनी सांगत होती. काझी सरांनीही बघितलं असणार. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

एका रविवारी मात्र अक्का नव्हती. उदगीरला नणंदेच्या घरी पाळणा होता, जाणं भाग होतं. नामदेवनं मुरुडहून एक तबकडी आणली होती. मालकांचं ते खिडकीतलं गाणं, आम्ही त्याला तसंच म्हणायचो. त्याच्याकडची प्रत कोरी होती, तुमची झिजलेली. तुम्ही वेष्टण हातात घेतलंत, त्यावर हात फिरवलात, तबकडीवरचं लेबल न वाचताच ती स्वतः लावलीत. आणि माडीवर सुरू झालं ते भलतंच. नामदेवच्या घरी पोरांनी वेष्टणं अदलाबदल करून ठेवली होती. ज्यांना तुम्ही 'बँडवाले' म्हणायचात, ज्यांची एक तबकडी तुम्ही घरात ठेवली नव्हती, त्या संगीतकाराचं क्लबातलं धांगडधिंगा गाणं.

नामदेव अर्धा उठला. काझी सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

तुम्ही सुईकडं बघत होतात. "आता बघा," तुम्ही म्हणालात, "ती खिडकी उघडंल अन् सारंगी यील." इकडं ढोल बडवत होते. तुमचं बोट वर गेलं. "ही बघा आली. किती हळू आली बघा. मालक घाई करत न्हाईत. आता मागून चेलो." तबकडीत कुणीतरी आरोळी ठोकली. तुम्ही डोळे मिटलेत, मान डावीकडे टाकलीत आणि आम्हाला ते सगळं खिडकीतलं गाणं सांगितलंत, वाद्यामागून वाद्य, श्वासासकट. मी त्या ढोलांच्या गदारोळात ती सारंगी ऐकली. ऐकली म्हणजे ऐकलीच. ज्या माणसाला सगळं परातीवर वाजवून चालतं, त्याला. तबकडी संपली. मग काझी सर उठले, तुमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि तुम्हाला दिसेल असा हात कपाळाला नेऊन मोठ्यानं म्हणाले, "वाह अप्पा. क्या बात है." नामदेवचे डोळे भरले होते. मला नेहमीप्रमाणे काही झालं नाही, मी उठून सुई जागेवर ठेवली.

बँडवाल्यांचंही मधलं तसं वाईट नव्हतं, दाजी. पण ते त्या दिवशी कुणाला सांगणार.

संध्याकाळी अक्का आली. मी तिला चुलीपाशी गाठून सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "मी जायाच नको व्हतं," एवढंच म्हणाली. त्यानंतर रविवारचं लग्न असो, बारसं असो, ती घर सोडून गेली नाही. उदगीरच्या नणंदेनं त्यावरून बोलणं टाकलं, तेही तिनं सोसलं.

तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं का? हा एक प्रश्न मला विचारायचा होता. चहा पिताना तुम्ही वेष्टण उलटंसुलटं करून बघत होतात, आमची तोंडं बघत होतात. थाळी विकताना बघितली होतीत, तशी. मी विचारलं नाही. तुम्हीही लगेच दिवाणजींचा विषय काढून माझ्याशी भांडायला लागलात. मी नेहमीपेक्षा जोरात भांडलो.

शेवट तुमचा सोपा झाला, सगळे तसंच म्हणतात. दुकान उघडून गल्ल्याला उदबत्ती लावली आणि तिथंच बसलात. मी गाडीनं पोचेपर्यंत अक्कानं तुम्हाला धुतलेलं धोतर नेसवून भिंतीला टेकवून बसवलं होतं.

माती देऊन झाल्यावर काझी सर आणि मी लिंबाखाली थांबलो. सर बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "एक बात बोलतो बसवराज. अप्पाला काहीच ऐकू येत नव्हतं. बाजा पण नाही."

"माहीत आहे, सर."

"मला त्यानीच सांगितलं. क्लबवाल्या गाण्यानंतर. बोलला, सर, आता मंडळ बंद करतो. लोकांना तकलीफ होते माझ्यामुळं. मला पण कंटाळा आला, नुसतं बसून राहायचं. मी हात हलवून बोललो, तेरी मर्जी. तर बोलला, पण महानंदाला आत्ता कुठं गोडी लागली. तिनं आयुष्यभर माझ्यामागं काही मागितलं नाही. तिचा रविवार कशाला मोडू?" सरांनी टोपी डोक्यावर ठेवली. "म्हणून चालू ठेवलं बघा."

मी हे ऐकून घेतलं आणि तुमच्या घरी आलो.

निघायच्या दिवशी अक्काला विचारलं, रविवारचं काय करायचं. माडीवर आम्ही दोघंच होतो. तुमच्या तबकड्यांची लाकडी खोकी भिंतीला लावलेली. तुम्हा दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळं खोकी हीच काय ती पुढची पिढी, असं तुम्ही हसत म्हणायचात आणि तिला ते आवडायचं नाही.

"घिऊन जा समदं नांदेडला," ती म्हणाली. "मला न्हाई ठिवायचं."

"कशाला घाई करतेस? तुला ऐकावंसं वाटेल."

"मला?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी अजून शाळेत आहे. "बसू, मला न्हाई आवडत रे ते. पैल्यापासून न्हाई. आजबी न्हाई."

"मग इतकी गाणी..."

"मग काय करू? हे बोट वर करायचे अन् चुकायचे. तुमी समदे खाली मान घालायचे. मला बघवत नव्हतं. हे दुकानात गेले की दुपारचं लावून बसायची मी, कनिक मळता मळता. कुठं काय वाजतंय ते परातीवर बोटानं घोकायची. लई कटाळा यायचा. ती बया तेच तेच म्हनायची." ती खोक्यावरची धूळ पदरानं पुसायला लागली, मग थांबली. "पर त्यांना कळलं तर नव्हतं ना रे? मला आवडत न्हाई ते?"

इथं गप्प बसता आलं असतं. नाही म्हणून गाडीची वेळ सांगून उठता आलं असतं, शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण तिनं तुमच्यासाठी इतक्या दुपारी घालवल्या, आणि तुम्ही तिच्यासाठी काय केलंत ते तिला कळू नये, हा हिशेब मला पटेना. काझी सरांनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

अक्का खोक्यावरच बसली. मला वाटलं आता रडेल, पाणी आणावं का. आणि ती हसायला लागली, दाजी. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती पदर तोंडात घालून हसत राहिली.

"म्हंजी त्यांना कायबीच ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली, "अन् मला आवडत नव्हतं. मग येवढे रविवार ऐकत व्हतं कोन रे?"

"आम्ही, अक्का," मी म्हणालो. "आम्ही ऐकत होतो की."

बोलायला गेलो तर आवाज भलताच निघाला. तिनं वर बघितलं, उठली, आणि लहानपणी पुसायची तसं माझं तोंड पदरानं पुसलं.